पडद्यावरचा धान

रात्री पुन्हा 'स्टारड्यू व्हॅली' खेळत बसलो. एरिक बॅरोनने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं एकट्यानं करून 2016 मध्ये आणलेला हा गेम. धान त्यात आला 2019 च्या अपडेटमध्ये, आणि तेव्हापासून तो माझा झाला. पऱ्हे पाण्याजवळ लावले की झारी लागत नाही, पीकही लवकर हाती येतं. कापलेला धान मिलमध्ये टाकायचा, सकाळी तांदूळ तयार! राइस मिलच्या गोंदियात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? खटकतं एवढंच, की इथला धान वसंतात लागतो. आमची रोवणी आषाढातली, चिखलात दिवसभर वाकलेल्या बायांची. ते वाकणं या खेळात कुठंच नाही, आणि ते असायला हवं होतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (2020) वेगळ्या कारणानं आवडतो. भावाला शोधत निघालेली मुलगी, तिची कहाणी सांगणारे दुर्गा नि विष्णू, मधूनमधून छायाबाहुल्या. शेवट मला अर्धवट वाटला, तरी चित्रं अप्रतिम. आमच्या झाडीपट्टीतल्या दंडार या लोकनाट्यावर कुणी असा गेम केला, तर पहिल्याच दिवशी विकत घेईन.