पळायची वाट

कोल्हापूरच्या बोलीत माणूस धावत नाही, पळतो. ‘पहाटे पळायला जातो’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे समजते. शहराभोवतीच्या करवीर, पन्हाळा, हातकणंगले या तालुक्यांत पळायच्या वाटा पुष्कळ आहेत, पण त्यांतली एकही पळणाऱ्यांसाठी बांधलेली नाही. पाणंद बैलगाडीसाठी पडली, बंधारा पाण्यासाठी झाला, डोंगराची वाट देवासाठी आणि गडासाठी निघाली. इथे जन्मलेल्या माणसाच्या आयुष्यात या वाटा साधारण एका क्रमाने येतात: लहानपणी पाणंद, तरुणपणी गावाबाहेरची सडक, भर उमेदीत नदी आणि डोंगर, उतारवयात तळे.

पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. कोल्हापूरकडे तिला नुसते ‘पांद’ही म्हणतात. दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, कडेला बाभळ, घाणेरी किंवा निवडुंग, असे तिचे रूप. भाद्रपदात दोन्हीकडचा ऊस डोक्यावर जातो आणि पाणंदीतून दिसते ते फक्त वरचे आभाळ. लहान मूल या वाटेवर पळते ते कामासाठी. मळ्यात भाकरी पोचवायची असते, सुटलेले वासरू वळवून आणायचे असते, दूध संस्थेची वेळ गाठायची असते. संस्थेत दूध सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेतच घेतात. माप होते, फॅट बघायला नमुना काढतात आणि वेळ संपली की खिडकी बंद. हातात भरलेली किटली घेऊन पळणाऱ्या मुलाला दूध सांडू द्यायचे नसते. त्यामुळे खांदे हलू न देता, एका लयीत, छोटी छोटी पावले टाकत पळणे त्याच्या अंगवळणी पडते. पुढे प्रशिक्षक हेच शिकवतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटरची वाट तुडवत असे. तोच पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पळाला. महाराष्ट्रातल्या अनेक धावपटूंचा पहिला ट्रॅक अशी गावची वाटच असते.

पाणंदीवर पळणाऱ्याला दिनदर्शिका लागत नाही. ज्येष्ठात पेरणीची घाई, आषाढात पोटरीपर्यंत चिखल, श्रावणात ओल्या गवताचा वास, आणि दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळाचा धूर. पहाटेच्या अंधारात गुऱ्हाळ आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना दिसते. चुलवाणात चिपाडे पडत असतात आणि वर काहिलीत रस उकळत असतो. रसात रानभेंडीचे पाणी पडले की मळी फेसासारखी वर येते आणि ती काढून टाकतात. गुळव्या पाक बोटावर घेऊन बघतो. तो म्हणेल तेव्हाच काहील उतरते आणि पाक वाफ्यात ओततात. घामाने भिजलेल्या पोराला तिथे कुणी परके मानत नाही. ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवला जातो, आणि उरलेली वाट तो जिभेवर घोळवत पुरी होते.

सतराव्या-अठराव्या वर्षी पळण्याला आकडा चिकटतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची परीक्षा असते. जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गावच आहे, यावरून इथल्या घरांचे फौजेशी असलेले नाते कळावे. पहाटे पाचला गावाबाहेरच्या सडकेवर पोरापोरींचे घोळके दिसतात. विजेच्या डीपीपासून फाट्यापर्यंतचे अंतर कुणी तरी मोटारसायकलवर मोजलेले असते, डांबरावर चुन्याची रेघ असते, आणि एक जण मोबाईलवर वेळ लावून उभा असतो. पायात कधी चांगले बूट असतात, कधी थोरल्या भावाचे जुने. या रेघेवर जास्त लागलेला प्रत्येक सेकंद गुण खातो आणि त्या गुणांवर घरातली पहिली नोकरी ठरते. म्हणून या पळण्याला हौस म्हणता येत नाही. ती घराने पाहिलेली आशा असते.

शहरातल्या तालमींनीही पळणे जपले. जोर आणि बैठकांइतकाच दम महत्त्वाचा, हे गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या पैलवानांना सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ पासून त्या दमाची परीक्षा घेत आले आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा धागा मात्र शेजारच्या बेळगावला पोचतो. तिथले फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर होते. २ तास ५० मिनिटांत ते पुरे करून ते एकोणिसावे आले. ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारा पहिला भारतीय या मुलखाने दिला.

नोकरी लागली, संसार मांडला, की पळणे पुष्कळांचे सुटते. ज्यांचे टिकते ते नदीकडे वळतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लुप्त मानली जाणारी सरस्वती यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून पुढे पंचगंगा वाहते. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी, चिखली, वडणगे या गावांकडे निघाले की सपाट, काळ्या रानातली वाट लागते. नदीवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. राज्यभर ज्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात तो हाच. नदीत ठरावीक अंतरावर दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत बसवायच्या फळ्या, म्हणजे बरगे. पावसाळा सरला की बरग्यांच्या दोन ओळी बसवून मधल्या पोकळीत माती भरतात आणि पाणी अडवतात. पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करतात. खांबांवरच्या अरुंद पुलावरून पळताना उन्हाळ्याच्या अखेरीस काढून रचलेल्या बरग्यांची थप्पी दिसली, की पावसाची तयारी झाली असे समजावे.

याच वाटेवर नदीचा दराराही कळतो. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. आंबेवाडी आणि चिखलीतली माणसे-जनावरे घरे सोडून बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर त्या वाटेवर पळणाऱ्याला घरांच्या भिंतींवर गाळाची रेघ आपल्या डोक्याच्या कितीतरी वर दिसत होती. नदीकाठी पळणे म्हणजे तिच्या जागेत पाहुणा होऊन जाणे, हे त्या रेघेने कायमचे शिकवले.

नदीनंतर डोंगर. वायव्येला जोतिबाचा डोंगर, त्याच्या पलीकडे पन्हाळा. केर्लीपासून जोतिबाचा चढ सुरू होतो आणि पहिल्या वळणावरच छाती बोलू लागते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला हीच वाट सासनकाठ्यांनी आणि ‘चांगभलं’च्या गजराने भरते, एरवीच्या पहाटे तिथे वारा, चार पळणारे आणि दर्शनाला निघालेली एखादी म्हातारी असते. ती म्हातारी थांबत थांबत चढते, पण वर पोचतेच. चढावर दम कसा राखावा हे तिच्याकडून शिकावे. पन्हाळ्याहून पुढे म्हाळुंगे, मसाई पठार, पांढरपाणी, पावनखिंड ही वाट विशाळगडाकडे जाते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज या वाटेने भर पावसात रातोरात निघाले आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे व बांदल मावळ्यांनी प्राण देऊन पाठलाग अडवला. दरवर्षी पावसाळ्यात हजारो लोक ती वाट चालतात. तिथल्या लाल चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतला, की त्या रात्री महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन पळणाऱ्या भोयांचे बळ काय असेल याची कल्पना येते. शब्दांतून ती येत नाही.

साठीनंतर वाट शहराकडे परतते. काही जण सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठाच्या झाडीत जातात. बहुतेकांची वाट रंकाळ्याला वळते. संध्यामठ, शालिनी पॅलेस, पद्माराजे उद्यान या खुणांवरून फेरी मोजली जाते; पूर्ण फेरी सुमारे साडेचार किलोमीटरची. एकेकाळी पाऊण तासात दोन फेऱ्या काढणारा माणूस आता एका फेरीला तासभर घेतो. गुडघे मातीची साईडपट्टी शोधतात. लहानपणीची पाणंद पुन्हा आठवते, आणि गावी गेल्यावर माणूस तिकडे जातोही. बऱ्याचदा तिथे वाट उरलेली नसते. दोन्हीकडून बांध कोरत कोरत ऊस मधे आलेला असतो.

ही हानी पळणाऱ्याची कमी आणि शेतकऱ्याची जास्त आहे. वाट बुजली की ऊस बाहेर काढायला ट्रॅक्टर आत जात नाही, आजाऱ्याला खाटेवरून आणावे लागते, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोर्टकचेरी सुरू होते. इंग्लंडमधल्या खेड्यांत शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा १९४९ च्या कायद्याने अधिकृत नकाशावर आल्या. पीक पेरले तरी वाट खुली ठेवणे तिथल्या शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून कोणीही तिथे एका गावातून दुसऱ्या गावात निर्धास्त पळत जातो. महाराष्ट्राकडेही साधने आहेत. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली वाटेतला अडथळा दूर करून घेता येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आली. पण कागद वाट मोकळी करत नाही. ती बांधावरच्या दोन माणसांनी मोकळी करायची असते.

गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. ज्याचे लहानपण पाणंदीत गेले त्याने तो एकदा काढावा, आपली वाट त्यावर शोधावी, आणि ती आपल्या बांधाने अडवली असेल तर आधी आपला बांध मागे घ्यावा.