फुगलेलं रबर

विमानाच्या जुन्या इंधनपंपातून निघालेली नायट्राइल रबराची ओ-रिंग हातात आली की मी आधी तिचा छेद बघतो. नवी असताना तो गोल असतो. वर्षानुवर्षं खाचेत दाबून राहिली की दोन्ही बाजूंनी चपटा होतो. इतकी चपटी रिंग गळत का नव्हती, हा प्रश्न मला या कामात सर्वांत मोलाचा वाटतो. ती गळत नव्हती, कारण ती फुगलेली होती.

जेट ए-१ इंधनात २५ टक्क्यांपर्यंत ॲरोमॅटिक संयुगं चालतात. त्यांचे रेणू नायट्राइलच्या साखळ्यांमध्ये शिरतात, रबर फुगतं आणि चपटेपणामुळे गेलेला दाब भरून निघतो. त्याच वेळी इंधन रबरातला प्लास्टिसायझर ओढून घेत असतं. टाकी रिकामी करून विमान बरेच दिवस उभं राहिलं की फूग उतरते, रिंग आखडते आणि पुन्हा इंधन भरताना जोड पाझरू लागतो.

वापरलेल्या खाद्यतेलापासून बनणाऱ्या नव्या इंधनात ॲरोमॅटिक्स जवळपास नसतात. त्यामुळे काजळी कमी होते, हे चांगलंच. पण आयुष्यभर जेट ए-१ प्यायलेली रिंग त्यात आकसते. कोरी रिंग त्याच इंधनात बहुधा नीट टिकते, कारण तिचा दाब अजून शाबूत असतो. म्हणून दोष एकट्या इंधनाचा मानू नये. रिंगचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा. असं इंधन जेट ए-१मध्ये मिसळलं की मिश्रणात किमान ८ टक्के ॲरोमॅटिक्स असावेत, ही अट यासाठीच. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला जेट ए-१ अजिबात न मिसळता अशा इंधनावर गेलं, तेव्हाही त्यात १२ टक्के कृत्रिम ॲरोमॅटिक केरोसिन मिसळलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला देशी जैवइंधनाचं मिश्रण घेऊन विमान उडालं, पण तिथलं प्रमाण एक टक्क्यापर्यंतचं. रबराला ते जाणवणारही नाही.

मग नायट्राइलऐवजी सगळीकडे व्हायटन रबरच का नको? ते इंधनात फारसं फुगत नाही, पण उंचावरच्या थंडीत ताठरतं. फ्लोरोसिलिकॉन उणे ६० अंशांच्या आसपासही मऊ राहतं, मात्र चटकन फाटतं. फिरत्या दांड्यावर मी त्याच्यावर विसंबत नाही. स्थिर जोडांना ते उत्तम.

इंधनाची जात बदलणार असेल, तर नायट्राइल कुठे कुठे बसलंय आणि ते किती जुनं आहे, याची यादी मला टाकी भरण्याआधी हातात हवी.