पुन्हा, इथपासून इथपर्यंत

आमच्या घरचा पत्ता सांगितला की पुण्यातले लोक हमखास विचारतात, ‘आवडी? कुणाच्या?’ चेन्नई सेंट्रलहून तिरुवळ्ळूरकडे जाणाऱ्या लोकलवरचं हे स्टेशन. १९६१ साली इथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला. बाबा खडकीहून बदली होऊन १९७८ मध्ये त्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. मी इथे जन्मले, तमिळ गल्लीत शिकले आणि मराठी स्वयंपाकघरात. आज तमिळमधून मराठीत भाषांतरं करून पोट भरते, ते या दोन खोल्यांच्या जोरावर.

आई २०१९ मध्ये गेली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट होती. सासवडकडच्या तिच्या माहेरच्या ओव्या वसाहतीतल्या एका मराठी काकूंनी १९९३ च्या गणपतीत आमच्या स्वयंपाकघरात बसून टेप केल्या होत्या. पुढे २००६ मध्ये मी रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानातून तिची सीडी करून घेतली. सीडीवर ९९ गाणी वेगवेगळ्या क्रमांकांनी ठेवता येतात, पण दुकानदाराने कॅसेटची एक बाजू म्हणजे एक गाणं असा हिशेब केला. त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोनच क्रमांक झाले. पुढच्या गाण्याचं बटण दाबलं की थेट तीस मिनिटं ओलांडली जातात.

गेल्या उन्हाळ्यात बाबा फोनवर म्हणाले, ‘अगं, ते यंत्र माझं ऐकत नाही. तू ये आणि मराठीत लिहून दे.’ यंत्र म्हणजे बैठकीतला जुना स्टीरिओ. सोबतची पुस्तिका पाच भाषांत होती, पण त्यांत आपली एकही नव्हती. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकलेली मी, वही घेऊन बसले.

पहिल्याच दोन बटणांवर अडले. ‘स्टॉप’लाही थांबा, ‘पॉज’लाही थांबाच. बाबांना फरक सांगितला: पॉज केलं की तबकडी फिरत राहते आणि पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे चालू होतं. स्टॉप केलं की पुन्हा पहिल्यापासून. ते म्हणाले, ‘मग एक म्हणजे बोट ठेवून पोथी मिटणं, दुसरं म्हणजे नुसती मिटणं.’ वहीत ‘बोट ठेवा’ आणि ‘मिटा’ असं लिहिलं. क्रम उलटसुलट करणाऱ्या ‘शफल’ला मी ‘यादृच्छिक’ लिहिलं होतं. बाबा पत्ते खेळणारे. त्यांनी ते खोडायला लावलं आणि सांगितलं, ‘पिसा लिही.’ ‘रिपीट’ एकदा दाबलं की एकच गाणं परत परत वाजतं, दोनदा दाबलं की सगळी सीडी. दुसऱ्याला त्यांनी ‘पारायण’ सुचवलं. माझा एकही शब्द टिकला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

राहिलं ते ‘ए-बी’ असं लिहिलेलं बटण. ते कॅसेटच्या ए आणि बी बाजूंसाठी आहे, अशी बाबांची समजूत होती. बाजू बदलावी म्हणून ते कितीतरी महिने ते दाबत होते आणि यंत्र मधलाच कुठलातरी तुकडा घोळत बसायचं. खरं तर एकदा दाबलं की तिथे सुरुवातीची खूण होते, दुसऱ्यांदा दाबलं की शेवटची, आणि तेवढाच भाग फिरून फिरून वाजतो. तिसऱ्यांदा दाबलं की खुणा पुसल्या जातात. वीज गेली तरी पुसल्या जातात, आणि आवडीत उन्हाळ्यात वीज जातेच. म्हणून हे त्यांना स्वतःलाच यायला हवं होतं.

मी विचारलं, ‘कुठली ओवी लावायची?’ ते म्हणाले, ‘ती सतराव्या मिनिटाची.’ मी बटण दाबून धरून तिथवर गेले, ओवीच्या पहिल्या अक्षराला खूण केली आणि शेवटच्या सुराला दुसरी. काम चोख झालं होतं. बाबांनी दोनदा ऐकलं आणि ‘छान’ म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाला येणारी अक्का बैठकीतून धावत आत गेली आणि गॅसपाशी जाऊन उभी राहिली. गॅस बंदच होता. ती तमिळमध्ये म्हणाली, ‘आत्ता कुणीतरी दूध बघायला सांगितलं ना?’ इतक्या वर्षांत आमच्या घरचे चार-पाच मराठी शब्द तिला कळायला लागलेत, त्यात दूध आहे.

मी बैठकीत आले. बाबांनी माझ्या खुणा पुसून स्वतःच्या केल्या होत्या. ओवी सुरू व्हायच्या आधी आई म्हणते, ‘अहो, दूध बघा.’ लांबून बाबांचा तेव्हाचा आवाज येतो, ‘बघतोय.’ मग भांड्याचा आवाज, आईचं हसू, आणि ओवीचा पहिला शब्द. तिथे त्यांची दुसरी खूण. ओवी जवळजवळ नाहीच. सगळे मिळून नऊ-दहा सेकंद.

मला पाहून ते ओशाळले. म्हणाले, ‘सारखं लावून झिजणार नाही ना?’ नाही झिजणार, मी सांगितलं. सुई घासत नाही, नुसता प्रकाश पडतो. पण घरी लिहून घेतलेल्या सीडीला ऊन चालत नाही. त्यातला रंगाचा थर उडत जातो आणि ती इतकी वर्षं खिडकीशी ठेवलेली होती. सीडी आतून बाहेर वाचली जाते. बाहेरच्या कडेला, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या ओव्यांत, ती आता अडखळते. बारीक ओरखडे असले तर यंत्र हिशेबाने मूळ आवाज जसाच्या तसा उभा करतं. त्याहून जास्त गेलं की अंदाजाने भरतं आणि ऐकणाऱ्याला बहुतेक कळतही नाही. माझ्या धंद्यात हे मी रोज करते, म्हणून त्याची जास्त भीती वाटली.

नवी प्रत करायची हे पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. ओव्या सुट्या करायच्या, मधलं बोलणं, भांडी, खोकला काढून टाकायचा, अशी यादीही तयार होती. यादीत ‘१७ मिनिटं : दूध’ या ओळीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘काढणे’.

त्या संध्याकाळी लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. काहीच काढायचं नाही, फक्त क्रमांक द्यायचे. प्रत्येक क्रमांक कुठे सुरू करायचा ते त्यांनी सांगायचं. सतरावं मिनिट आलं. मी आईच्या ‘अहो’वर खूण करायला निघाले, तर त्यांनी मान हलवली. जरा मागे घेतलं. तिथे नुसती शांतता होती, आणि तिच्यात आईने श्वास घेतलेला ऐकू येत होता. बाबांनी बोट वर केलं. मी तिथे खूण केली.