किन्हीराजा येथील विहिरीवरचें इंजिन

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील किन्हीराजा हें गांव तीर्थक्षेत्र नव्हे, कीं थंड हवेचें ठिकाणही नव्हे. मालेगांवाहून शेलूबाजाराकडे जातांना हमरस्त्यावर तें लागतें, आणि बहुतेक प्रवासी खिडकींतून त्याची पाटी वाचून पुढें निघून जातात. ज्या वाशीमास प्राचीन काळीं वत्सगुल्म म्हणत व जेथें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, तेंच आज या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. जिल्हा मात्र अकोल्यापासून वेगळा झाला तो १९९८ सालीं. काळी, कसदार जमीन. पावसाळ्यांत सोयाबीन आणि तूर, व हिंवाळ्यांत विहिरीच्या पाण्यावर हरभरा आणि गहूं, असा येथील संसार आहे.

गेल्या मार्गशीर्षांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही तेथें तीन दिवस राहिलों. बरोबर आमचा भाचा होता. तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत होड्यांचीं इंजिनें दुरुस्त करतो. समुद्रापासून चारशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या या गांवीं त्याचें मन कितपत रमेल, अशी आम्हांस शंका होती. परंतु पहिल्याच सकाळीं विहिरीवरील खोपटांत शिरतांच तो थबकला व म्हणाला, "मामा, हें तर आमच्या होडींतल्या इंजिनाचें थोरलें भावंड!"

तें एका नळकांड्याचें, दोन जड चाकांचें, संथ फिरणारें डीझेल इंजिन होतें. या जातीच्या इंजिनांचा मूळपुरुष म्हणजे इंग्लंडांतील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याचें, १९३० च्या सुमारास प्रसिद्धीस आलेलें इंजिन. मिनिटास सुमारें सहाशें फेरे, एवढीच त्याची गति. पुढें त्याच्या प्रतिकृति राजकोटास होऊं लागल्या व गांवोगांवच्या विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत जाऊन बसल्या. आपल्या महाराष्ट्रांतही १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. अशाच जातीचीं लहान इंजिनें होड्यांतही बसलीं. विहिरीवर तें पाणी वर ओढतें, होडींत पाणी मागें ढकलतें, एवढाच काय तो भेद.

या यंत्रास ठिणगी लागत नाहीं. आपल्याकडे यज्ञाचा अग्नि अरणीमंथनानें, म्हणजे घर्षणानें, उत्पन्न करीत. येथें तो केवळ दाबानें उत्पन्न होतो. नळकांड्यांतील हवा तिच्या मूळ आकाराच्या सुमारें सतराव्या हिश्शांत कोंडली, कीं ती पांचशें अंशांच्या घरांत तापते, व तींत तेलाचा बारीक फवारा पडतांच पेट घेते. रूडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९२ सालीं या कल्पनेचा हक्क नोंदविला आणि १८९७ त ऑग्सबर्ग येथें तिचें यशस्वी यंत्र करून दाखविलें. पुढें १९१३ सालीं इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रींत नाहींसा झाला व त्याचें प्रेत समुद्रांत सांपडलें. त्याच्याच यंत्रानें आज लक्षावधि दर्यावर्दी सुखरूप घरीं परततात, हा दैवाचा विचित्र खेळ होय.

आम्ही गेलों त्या आठवड्यांत शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती, आणि त्यांतच गांवाबाहेरील रोहित्र जळालें होतें. हरभरा फुलावर आला होता. या वेळीं एक पाणी मिळालें तर घाटे भरतात. न मिळालें तर फुलें गळतात, व वर्षाचा हिशेब चुकतो. यजमानांच्या मुलानें इंजिन सुरू करण्याची खटपट आरंभिली. दहा वेळां हँडल फिरवून तो घामाघूम झाला, पण यंत्र हूं कीं चूं करीना. "म्हणूनच मी म्हणतो, हें भंगारांत घाला," असें तो कपाळ पुशीत म्हणाला. भंगारवाल्याशीं त्याचें बोलणेंही झालें होतें; शेजारच्या शेतांत सौर पंप बसला होता, व डीझेलची महागाई कोणास ठाऊक नाहीं? त्याचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें.

इतक्यांत सत्तरी ओलांडलेले गांवचे मिस्त्री आले. त्यांनीं दाब सोडण्याची लहान दांडी उचलली, चाक हळूच फिरविलें, आणि कान देऊन ऐकलें. आमचा भाचाही तसाच कान देऊन उभा होता. तेलाचा फवारा उडतांना नोझलमधून जो बारीक करकर आवाज यावा, तो येत नव्हता. दोघांचेही हात एकदमच तेलाच्या पंपावरील स्क्रूकडे गेले! टाकी मध्यंतरीं रिकामी पडल्यामुळें नळींत हवा शिरली होती. स्क्रू सैल करतांच बुडबुडे आले. ते थांबून नितळ तेल वाहूं लागल्यावर तो पुन्हां आवळला. चाक फिरवितांच आतां करकर ऐकूं आली.

मग मिस्त्रींनीं ऑइल व पाणी पाहिलें, हँडलच्या दांड्यावर तेलाचा थेंब सोडला, आणि हँडल असें धरलें कीं अंगठा बोटांच्याच बाजूस राहिला. मूठ वळून धरल्यास, इंजिन उलटें मारतांच मनगट मोडतें. दाब सोडलेलाच ठेवून त्यांनीं चाकांस चांगली गति दिली व ती दांडी खालीं टाकली. एक धक्का, काळ्या धुराचा एक गोळा, आणि मग ठक्-ठक्-ठक्! हँडल त्यांनीं आधींच अलगद ओढून घेतलें होतें. आम्ही कौतुक करतांच ते म्हणाले, "गुरुजी, हँडल फिरवाले ताकद लागते थोडीशीच, सोडाले अक्कल लागते."

सायंकाळीं भाच्यानें होडीची रीत सांगितली. तेथें आधीं समुद्राचें पाणी आंत घेणारी तोटी उघडावयाची, गिअर मोकळा ठेवावयाचा, आणि दोन नळकांड्यांचें इंजिन असेल तर एक दांडी आधीं व दुसरी मागून टाकावयाची. इंजिन लागल्याबरोबर थंड करणारें पाणी बाहेर पडतें कीं नाहीं, हें पाहावयाचें. "आतां बटण दाबतांच इंजिन लागतें, मामा. पण बॅटरी उतरली, वारा किनाऱ्याकडचा असला आणि समोर खडक दिसूं लागले, म्हणजे भिंतीवर अडकविलेलें हँडल हाच देव. तें आहे, पण वापरतां येत नाहीं, अशीं पोरें होडीवर वाढलीं आहेत." हें ऐकून यजमानांचा मुलगा बराच वेळ गप्प होता.

दुसऱ्या दिवशीं यजमानांची दहावींतील नात "मलाही शिकवा" म्हणून पुढें झाली. आजीबाईंनीं डोळे वटारले. मिस्त्रींनीं मात्र प्रथम तेल बंद केलें, दाब सोडला, आणि केवळ चाक फिरविणें व हँडल काढून घेणें, एवढेंच तिच्याकडून वीस वेळां करून घेतलें. तिसऱ्या दिवशीं, त्यांच्या नजरेखालीं, तिनें इंजिन लावलें. दाब सोडलेल्या यंत्रास पहिलवानाचें बळ लागत नाहीं. क्रम पाठ असावा लागतो. संध्येच्या पाठाप्रमाणेंच येथेंही एक पायरी गाळून पुढची साधत नाहीं.

सौर पंप घेण्याचा बेत त्या घरीं कायम आहे, आणि तो योग्यच आहे. पण इंजिन विकावयाचें नाहीं, असें यजमानांच्या मुलानेंच आपल्या वडिलांस सांगितलें. हरभऱ्यास पाणी मिळालें. ज्या वाचकांच्या घरीं असें एखादें जुनें यंत्र कोपऱ्यांत पडलें असेल, त्यांनीं तें ठेवावें कीं विकावें, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. परंतु तें चालविणारा वृद्ध हयात आहे तोंवर घरांतील एका तरी मुलास किंवा मुलीस त्याच्याजवळ चार दिवस बसवावें. यंत्र पुन्हां विकत मिळेल. ते हात मिळणार नाहींत.