मुका किल्लेदार

पाहुणे आले की मुलाला माजघरातून ओढून आणायचे आणि 'म्हणून दाखव पाहू एखादी कविता' असा हुकूम सोडायचा, ही रीत कोणी सुरू केली, देव जाणे! लहानपणी दारात परक्या चपला दिसल्या की मी मागच्या दाराने पसार होत असे. आणि मास्तर झाल्यावर मीच तो हुकूम सोडू लागलो, याला काय म्हणाल?

माझ्या वर्गात एक बुजरा मुलगा होता. हजेरीच्या वेळी त्याचे ओठ हलत. आवाज येत नसे. तो सभाधीट व्हावा म्हणून मी त्याला स्नेहसंमेलनात भाषणाला उभे केले. पंधरा दिवस पाठांतर घेतले. माझ्यापुढे घडाघडा म्हणणारा तो मुलगा ध्वनिक्षेपकापुढे आला आणि त्याची दातखीळच बसली. मागून कोणी शिट्टी घातली. लोक हसले. खरे सांगायचे तर ओशाळून मीही हसलो, आणि नेमके ते त्याने पाहिले.

त्यानंतर हजेरीला त्याचे ओठही हलेनात.

दिवाळीच्या सुट्टीत सहज त्याच्या आळीतून चाललो होतो. अंगणात विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला उभा होता; उतारावर अळीव हिरवेगार उगवले होते. मी म्हणालो, "वा! रायगड झकास जमलाय."

"रायगड नाही, गुरुजी. राजगड!" तो तटकन म्हणाला. "तीन माच्या दिसत नाहीत का? ही पद्मावती, ही सुवेळा, ही संजीवनी. मध्ये बालेकिल्ला. महाराजांची राजधानी आधी इथंच होती."

मी उकिडवा बसलो. तो बोलत होता आणि आम्ही दोघेही किल्ल्याकडे पाहत होतो. त्याला माझ्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते, हीच सारी सोय होती! मास्तरांनी सांगावे आणि पोराने ऐकावे, हा क्रमही त्या चिखलात उलटा झाला होता.

'सत्याचे प्रयोग'मधली हकीकत आठवली. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिलेल्या गांधीजींना एक प्रश्न सुचेना. तीस रुपये फी परत घ्या म्हणून ते खाली बसले. तेच १८९३ साली प्रिटोरियात आपल्या देशबांधवांच्या सभेत बोलले. तिथे सांगण्यासारखे त्यांचे स्वतःचे काही होते. माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडी मात्र मी माझेच भाषण कोंबले होते!

पुढच्या वर्षी शाळेच्या अंगणातला किल्ला त्याच्यावर सोपवला. हाताखाली तिसरीतली दोन पोरे दिली. त्यांना 'माती चाळून आण' एवढे तरी सांगणे भागच होते. आधी बोटाने दाखवी, मग पुटपुटे, मग चक्क ओरडू लागला. हजेरीला अजूनही तो हळूच बोलतो. बोलू दे.

माझे मात्र एक देणे राहिले होते. कादंबरीत मी पात्रांना पानेच्या पाने बोलायला लावतो. इथे चार शब्द गळ्याशी अडकत होते. एका संध्याकाळी तटाला माती लिंपता लिंपता, त्याच्याकडे न पाहता, मी म्हणालो, "त्या दिवशी मी हसायला नको होतं रे."

तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, तटावरचा हात काढा. माती ओली आहे."