पहाटेची पडलेली हवा, रेडिओ आणि टू-फोर-डी

आज थोडं आडवळणानं लिहितोय, पण गाडी शेवटी फवारणीवरच येणार आहे.

मांजरीत आमचा ऊस आणि थोडं तरकारीचं रान आहे. पुणे शहर आता बांधापर्यंत आलंय. एकीकडं ऊस, त्याला लागून टोमॅटो, पलीकडं बिल्डिंगा. शेतीशिवाय मला हॅम रेडिओचा नाद आहे (परीक्षा देऊन रीतसर लायसन काढावं लागतं, नुसता सेट घेऊन चालत नाही). गच्चीवर अँटेना आहे, 145 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. ह्या लहरी जवळजवळ सरळ जातात. दोन्हीकडं साध्या घराच्या गच्चीवर अँटेना असेल तर पंचवीस-तीस किलोमीटरनंतर पृथ्वीचा बाकच आडवा येतो. डोंगरावर रिपीटर असला तर गोष्ट निराळी.

गेल्या जानेवारीत एका पहाटे सहाला सेट लावला, तर सोलापूरकडची दोन माणसं आपसांत बोलत होती. मधे रिपीटर नाही, काही नाही. अडीचशे किलोमीटर! आवाज असा की शेजारच्या वस्तीवरून बोलतायत. मी पाच वॅटवर हाक दिली, लगेच उत्तर आलं. तिकडं पण धुकट होतं म्हणाले, वारा अजिबात नाही.

हे कशानं होतं ते सांगतो. रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की जमीन गार होते आणि तिला लागलेली हवा पण गार होते. वरची हवा मात्र उबदार राहते. एरवी वर जावं तसं गार लागतं, इथं उलटं. हिवाळ्यात पुण्याचं किमान तापमान बातम्यांत बघा. पाषाणला गारठा असतो, आणि डोंगरावरचं लवळे अनेकदा त्याहून बरंच गरम दाखवतं. आकडा चुकलेला नसतो, लवळ्याचं केंद्र त्या गार थराच्या वर असतं. तर खाली गार आणि दमट, वर उबदार आणि कोरडी हवा असली की त्या सांध्यात रेडिओलहर खाली वाकते. मग पाटातून पाणी जावं तशी जमिनीच्या बाकासोबत लांबवर जात राहते. आकाशवाणी पुण्याची 792 किलोहर्ट्झची मिडियम वेव्ह रात्री लांब लागायची, ते प्रकरण वेगळं. ती शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या थरावरून परत यायची.

याचा मोठा दाखला आपल्या मुंबईचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारवर पावसाळ्याआधीच्या दिवसांत चक्क अरबस्तानचा किनारा दिसायचा. हजार मैलांपेक्षा लांब! समुद्रावरच्या दमट हवेवर वाळवंटाकडून आलेली कोरडी गरम हवा पसरली की हा पाट तयार होतो.

आता मुद्द्याचं. त्याच सकाळी शेजारचे अण्णा पंप भरत होते. उसात चांदवेल आणि गाजरगवत माजलेलं, त्यावर टू-फोर-डी. म्हणाले, "वारा पडलाय, आत्ताच उरकून घेतो." आपण सगळेच असं म्हणतो. पण वारा पडलेली पहाट फवारणीला चांगली नसते. बारीक थेंब त्या गार थरात अडकतात, वर जाऊन विरत नाहीत, खाली पण लवकर बसत नाहीत. उताराकडं जी अगदी हलकी झुळूक सरकते तिच्याबरोबर दाटच्या दाट आडवे जातात. आणि बांधाला लागून टोमॅटो होता, खंडानं रान करणाऱ्या पोराचा. सोसायटीचं कर्ज, पहिला तोडा दहा दिवसांवर. टू-फोर-डी लागलेल्या टोमॅटोची पानं चिंचोळी होतात, पिळवटतात, आणि माणूस व्हायरस समजून पांढऱ्या माशीवर पैसे घालत बसतो. द्राक्ष तर त्याहून नाजूक.

मी म्हटलं, "अण्णा, नऊपर्यंत थांबा. आत्ता हवेवर झाकण आहे, सोलापूर ऐकू येतंय."
"आता काय रेडिओला विचारून फवारायचं का?"
मग त्यांना गुऱ्हाळाचा धूर दाखवला. थोडा वर जाऊन ताटासारखा आडवा पसरला होता. धूर बघितल्यावर पंप खाली ठेवला.

सव्वाआठला सोलापूरचा आवाज खरखरायला लागला, थोड्या वेळात गेला. धूर सरळ वर जाऊन विरायला लागला. साडेनऊच्या सुमाराला पानं हलतील एवढा वारा सुटला, टोमॅटोच्या उलट दिशेला. मग अण्णांनी नोझल खाली धरून काम केलं. औषध पण 58 टक्केवालं अमाईन सॉल्ट होतं ते बरं झालं. 38 टक्केवालं इथाईल इस्टर असतं तर फवारून झाल्यावरसुद्धा दुपारच्या उन्हात त्याची वाफ होऊन शेजारी जाते, त्याला सकाळ-संध्याकाळ पाळून उपयोग नाही. जवळ टोमॅटो, द्राक्ष, कापूस असेल तर इस्टर आणूच नये, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रेडिओ गप्प आहे म्हणजे झाकण नाही, असं समजू नका. माझ्या लहरी वाकायला थर साधारण दीड-दोनशे मीटर जाड लागतो. पंपाच्या थेंबाला तरंगत जायला दहा-वीस मीटरचा थर पुरतो, तो रेडिओला कळत पण नाही. त्यासाठी बांधावर मूठभर पाचट पेटवायचं आणि धूर कुठं जातो ते पाच मिनिटं बघायचं. अण्णा आता तेच करतात, आणि वर मला विचारतात, "तुझं सोलापूर काय म्हणतंय?"