वजन जातं कुठे

इनस्क्रिप्टवर मराठी लिहिताना दोन हातांची वाटणी ठरलेली असते. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे, स्वर आणि मात्रा डाव्याकडे. उजव्याने 'क' द्यायचा, डाव्याने काना. उजव्याने 'त', डाव्याने वेलांटी. मजकूर रंगात आला की हात आळीपाळीने पडू लागतात आणि त्यातून एक ठेका जमून येतो. इंग्रजी लिहिताना असा ठेका लागत नाही, कारण तिथे स्वर दोन्ही हातांत विखुरलेले असतात. मला हा ठेका फार प्रिय आहे. काय लिहायचंय ते नीट सापडलेलं नसतं, तेव्हाही तो मला पुढे नेतो.

गेली काही वर्षं तो दोन यंत्रांवर वाजतो आहे. एक ॲपलचं मॅकबुक एअर, २०२० साली आलेलं, एम१ चिपचं. दुसरं लेनोवोचं थिंकपॅड एक्स१ कार्बन, त्यावर विंडोज ११. एअरचं वजन १.२९ किलो, कार्बनचं १.१३ किलोच्या आसपास. झोळीत यातलं कुठलं टाकलंय हे खांद्याला सांगता येत नाही. बोटांना मात्र पहिल्याच ओळीत कळतं. कार्बनची कळ दीड मिलिमीटर खाली जाते, एअरची साधारण एक. हा अर्धा मिलिमीटर कागदावर मोजला तर काहीच नाही. पण 'स्वातंत्र्य' हा शब्द इनस्क्रिप्टवर एकेक अक्षर सुटं दाबत लिहिला तर अकरा कळा होतात, त्यातल्या तीन नुसत्या पाय मोडायच्या. जोडाक्षरांनी भरलेल्या परिच्छेदात बोटाला प्रत्येक वेळी खात्री हवी असते की पाय मोडला गेला, पुढचं व्यंजन आता चिकटेल. कार्बनची खोल कळ ती खात्री देते. एअरच्या कळा वेगाला साथ देतात. त्यांच्यावर वाक्यं लांबत जातात, कार्बनवर शब्द जपून पडतात. लेखणी बदलली की अक्षर बदलतं, हे बोरू आणि टाक वापरलेल्या पिढीला सांगावं लागलं नसतं.

कार्बनच्या कीबोर्डाच्या मधोमध एक लाल ठिपका आहे. ती थिंकपॅडची १९९२ पासूनची खूण. इंग्रजी पाट्यांप्रमाणे तो जी, एच आणि बी यांच्या मध्ये येतो. इनस्क्रिप्टच्या हिशेबाने उकार, 'प' आणि 'व' यांच्या मध्ये. बोटाने तो किंचित ढकलला की पडद्यावरचा बाण सरकतो. हात कळांवरून उचलावे लागत नाहीत, ठेका तुटत नाही. एअरवर हात खाली घेऊन ट्रॅकपॅडवर फिरवावा लागतो. पण तो ट्रॅकपॅड इतका रुंद आणि बोटांना इतका ओळखणारा आहे की लिहिलेलं पुन्हा वाचत, पानं मागेपुढे सरकवत बसावंसं वाटतं. लिहायला कार्बन आणि वाचायला एअर, अशी एक वाटणी माझ्याकडे आपोआप होऊन गेली.

आता हलकेपणाविषयी. पातळ लॅपटॉपांच्या या शर्यतीला एक ठळक तारीख आहे. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून पहिलं मॅकबुक एअर बाहेर काढलं. त्याचं वजन १.३६ किलो होतं. त्या क्षणाची आठवण सगळेच काढतात. मला मात्र त्या पाकिटात काय काय नव्हतं याचा विचार अधिक मोलाचा वाटतो. डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता, नेटवर्कच्या केबलचं भोक नव्हतं, आपली आपण बदलता येईल अशी बॅटरी नव्हती. यूएसबीची जागा एकच होती. ड्राइव्ह वेगळा विकत मिळायचा, केबलचा जोडही वेगळा. म्हणजे वजन नाहीसं झालं नव्हतं, यंत्रातून निघून बॅगेच्या छोट्या कप्प्यात गेलं होतं. आजही पातळ लॅपटॉप वापरणाऱ्या माणसाची ती लहान पिशवी पाहावी. प्रोजेक्टरचा जोड, कार्ड वाचणारा जोड, बॅकअपची डिस्क. कंपनीच्या तराजूत हे काहीच चढलेलं नसतं.

कधी कधी ते वजन आणखी अवघड ठिकाणी जाऊन बसतं. २०१५ पासून ॲपलने आपल्या कीबोर्डाची कळ आणखी पातळ केली. कात्रीसारख्या जुन्या रचनेऐवजी फुलपाखरासारखी रचना आणली. २०१८ आणि २०१९ च्या एअरमध्येही तीच होती. धुळीचा एखादा कण आत गेला की कळ अडकायची, नाहीतर एकाच दाबात अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ साली ॲपलला त्या कीबोर्डांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि २०२० च्या एअरमध्ये कात्रीची रचना परत आली. एका कणाने एवढ्या मोठ्या कंपनीला मागे फिरवलं याचं मला फार अप्रूप आहे. ज्या गावांत सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, तिथे एक मिलिमीटरची जाडी ही गरजेची गोष्ट आहे.

धुळीनंतर ऊन. एम१ एअरमध्ये पंखा नाही. चिपची उष्णता ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून पसरते, आणि फारच तापलं तर चिप आपला वेग कमी करते. रात्री घर झोपल्यावर या यंत्रावर लिहिताना फक्त कळांचा आवाज असतो, आणि मला तो फार आवडतो. पण ॲपलने हे यंत्र वापरण्यासाठी सांगितलेलं हवेचं तापमान १० ते ३५ अंश आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा असतो. अशा दुपारी व्हिडिओ कापायला किंवा शेकडो पानांच्या फाइलचं पीडीएफ करायला बसलं की यंत्र मंदावणार, ते कुरकुर न करता मंदावणार. कार्बनचा पंखा अशा वेळी मोठ्याने फिरू लागतो. तो आवाज मला खरेपणाचा वाटतो: काम जड आहे, आणि ते चालू आहे.

इथवर सगळं धातू, कळा आणि हवेचं झालं. खरा फरक त्याच्या आत आहे, आणि मला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल. मॅक आणि विंडोज या भूतकाळाशी वागण्याच्या दोन निराळ्या शिस्ती आहेत.

मॅक मागचं सोडत पुढे जातो. त्याने आपल्या प्रोसेसरचं घराणंच तीनदा बदललं: १९९४ साली मोटोरोलाच्या ६८००० मालिकेवरून पॉवरपीसीवर, २००६ साली इंटेलवर, २०२० साली स्वतःच्या चिपवर. दर वेळी जुनी सॉफ्टवेअरं चालावीत म्हणून दुभाष्या दिला जातो आणि काही वर्षांनी तो काढून घेतला जातो. इंटेलच्या वेळचा रोझेटा २०११ साली गेला. आताच्या दुसऱ्या रोझेटाच्या निवृत्तीची घोषणा २०२५ साली झाली. मधे २०१९ साली ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरं एका आवृत्तीत बंद पडली. एअर उघडताक्षणी जागं होतं, दिवसभर चार्जर मागत नाही, पंख्यावाचून चालतं, त्यामागे अनेक वर्षांचं हे सोडत जाणं आहे.

विंडोज सोडत नाही. त्याची मुख्य डिस्क आजही 'सी' आहे, कारण 'ए' आणि 'बी' ही अक्षरं फ्लॉपीची होती. फ्लॉपी गेल्या, अक्षरं त्यांच्यासाठी राखलेलीच राहिली. विंडोज ९५ च्या काळातली ३२ बिटची कितीतरी सॉफ्टवेअरं विंडोज ११ वर अजून उघडतात. त्याच्या खालचा इंटेलचा प्रोसेसरही १९७८ च्या ८०८६ पासूनचा वारसा सांगतो. जुन्या वाड्याच्या माळ्यावर जसं सगळं जपलेलं असतं तसं हे आहे, आणि त्या माळ्याचा भार खालच्या तुळयांवर येतोच. विंडोजची बॅटरी लवकर उतरते, झाकण मिटून बॅगेत ठेवलेलं यंत्र कधी आतल्या आत जागं राहून तापतं, अपडेटला वेळ लागतो. कारणं पुष्कळ आहेत, पण काहीच टाकायचं नाही हा निश्चय त्यातलं मोठं कारण आहे. त्या निश्चयाबद्दल मला मनापासून आदर आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला हा आदर वाटायला हवा, असं मी आग्रहाने म्हणेन. आपल्या भाषेची नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांतली छपाई युनिकोडमध्ये नाही. ती श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा व्यवस्थांच्या निरनिराळ्या फॉन्टांत आहे. पेजमेकरच्या फाइलींत दिवाळी अंक, कवितासंग्रह, गावांचे इतिहास, शताब्दीच्या स्मरणिका पडून आहेत. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो, एक शब्द वाचता येत नाही. ही सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोजवरची. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, कोल्हापुरात, सोलापुरात अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या टेबलावर जुना विंडोज संगणक अजून जपून ठेवलेला दिसतो तो यासाठी. त्या माणसांनी आपल्या भाषेची मोठी राखण केली आहे, आणि त्यांच्या कामाची नोंद कुठल्याही ग्रंथाच्या श्रेयपानावर दोन ओळींपलीकडे जात नाही.

विंडोजलाही आता हलकं व्हायचंय. २०२४ पासून क्वालकॉमच्या नव्या चिपवर चालणारे पातळ विंडोज लॅपटॉप आले. ते थंड राहतात, बॅटरी लांबते. जुनी सॉफ्टवेअरं तिथेही दुभाष्यामार्फत चालतात. पण हार्डवेअरशी थेट बोलणारे जुने ड्रायव्हर चालत नाहीत. म्हणजे एखादा जुना प्रिंटर, एखाद्या सॉफ्टवेअरचं यूएसबीला लावायचं कुलूप त्या दारात अडतं. हलकं व्हायचं तर काहीतरी मागे ठेवावं लागतं, हा हिशेब विंडोजलाही चुकलेला नाही.

अक्षरांच्या बाबतीत दोघांनीही आपलं बरंच देणं दिलं आहे. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा फॉन्ट आयआयटी मुंबईत पूर्वी शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांच्या हातचा. मॅकबरोबर जे देवनागरी फॉन्ट येतात त्यात 'श्री देवनागरी ७१४' आहे, तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा. परदेशात विकत घेतलेल्या एअरमध्येही पुण्यात घडलेलं अक्षर असतं, हे कळलं तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला. दोन्हीकडे 'दऱ्या' नीट लिहिता येतं, शिफ्ट दाबून नुक्त्याचा 'ऱ' आणि मग पाय मोडून 'या'. 'ल' आणि 'श' यांचं मराठी वळण मात्र अजून सहज मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ते प्रमाण ठरवलं, तरी पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण आधी उमटतं आणि मराठी वळण हवं तर मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. या दोन अक्षरांसाठी मी दोन्ही कंपन्यांशी भांडायला तयार आहे.

घेऊ कुठला, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी आधी त्यांना तळ दाखवते. कार्बनच्या तळाचे स्क्रू साध्या पेचकसाने निघतात, उघडायचं कसं ती पुस्तिका लेनोवोने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, आतली एसएसडी काढून दुसरी घालता येते. रॅम मात्र बोर्डालाच डकवलेली. एअरचे स्क्रू पाच पाकळ्यांचे, आणि त्यात रॅमही डकवलेली, साठवणही. बोर्ड गेला तर लिहिलेलंही त्याच्याबरोबर जातं, म्हणून बॅकअपची डिस्क एअरच्या किमतीतच धरावी असं मी सांगते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हातात सोल्डरिंगची सळई घेऊन बसलेली माणसं बोर्डावरची चिपही बदलतात. त्यांच्या कौशल्यापुढे मी नतमस्तक आहे, पण सातारा-सांगलीकडच्या मुलाला दर वेळी तिथे जाणं जमणार नाही. नवं लिहायचं, फिरतीवर असायचं, जुनं काही उघडायचं नाही, अशांनी एअर घ्यावं, त्याच्याइतकं सुखाचं यंत्र मला ठाऊक नाही. घरात एकच राहणार असेल आणि त्या घरात जुने मराठी कागद असतील, तर मी कार्बन म्हणते.

सध्या दोन्ही यंत्रं मिळून एक काम करतायत. एका बंद पडलेल्या दिवाळी अंकाच्या जुन्या फाइली कार्बनवर उघडते, मजकूर युनिकोडमध्ये बदलते, मग एअरवर घेऊन एकेक ओळ तपासते. बदलताना रफार हमखास सरकतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला जाऊन चिकटते, 'द्ध' आणि 'ध्द' यांची गफलत होते. अलीकडचे अंक झाले आहेत. सर्वांत जुने मात्र फ्लॉपीवर आहेत. यूएसबीने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो, तो मागवला आहे. तो जोडला की विंडोज त्याला 'ए' हे अक्षर देतं. फ्लॉपीवरचं चुंबकत्व टिकलं असेल तर पहिला अंक याच महिन्यात वाचता येईल.